‘उर्फ’च्या अलीकडे आणि पलीकडे: रहस्यकथांतले प्राणी आणि घरची माणसं

परभणीत आमच्या वाचनालयात रविवारी दुपारी आम्ही आठ-दहा जण जमतो. कुणी नवं पुस्तक वाचलेलं असतं, कुणी नुसतंच ऐकायला येतं. मागच्या उन्हाळ्यात गंगाखेडच्या एक आजी लेकीकडं राहायला आल्या होत्या. त्या नातवाबरोबर येऊ लागल्या. रात्री नातवाच्या मोबाइलवर गुन्हेगारीच्या मालिका बघायच्या आणि रविवारी आमच्यापुढं शंका मांडायच्या. त्यांची पहिली शंका मला अजून जशीच्या तशी आठवते. “त्याला सगळे कोब्रा म्हणतेत, ते कळलं. पण त्याचं घरचं नाव काय? त्याची माय काय म्हणून हाक मारती त्याला?”

नातू म्हणाला, “आजी, असल्या माणसाला माय नसते.” आजींना ते काही पटलं नाही.

सध्या अशा मालिका घरोघरी बघितल्या जातात. आपल्याकडच्या जिल्हा पानांवरही गुन्ह्यांच्या बातम्या रोज असतात आणि तिथंही ‘मोठा मासा गळाला’, ‘बळीचा बकरा’ अशीच भाषा असते. त्यामुळे दोन प्रश्न अनेकांनी विचारले. गोष्टीतल्या गुंडाला, मारेकऱ्याला, कधी कधी गुप्तहेरालासुद्धा प्राण्याचं नाव का देतात? आणि अशा गोष्टी फिरून फिरून भाऊ, बाप, बहीण, आई यांच्यापाशीच का येतात? मला हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात. कसे, ते सांगतो.

नाव ठेवतं कोण?

आपल्या गावात एका माणसाला निदान तीन नावं असतात. एक बारशाचं, जे आत्या कानात सांगते. एक शाळेच्या दाखल्यावरचं. आणि तिसरं पारावरचं. पहिली दोन घर देतं, तिसरं गाव देतं, आणि देताना कुणाची परवानगी घेत नाही. लहानपणी एकदा शेळीमागं पळताना पडला म्हणून आयुष्यभर ‘बोकड्या’ झालेला माणूस प्रत्येक गावात सापडतो. त्याचं खरं नाव लग्नाच्या पत्रिकेत छापून येतं तेव्हा निम्म्या गावाला ते पहिल्यांदा कळतं.

पोलिसांच्या कागदात या दोन नावांच्या मधे एक छोटा शब्द असतो: उर्फ. आपल्या मराठवाड्यात निजामाची कचेरी उर्दूत चालायची. तसे अरबी-फारसीतून आलेले शब्द अख्ख्या मराठीतच मुरलेले आहेत, पण इथं त्यांचा घरोबा जरा जास्त. ‘अमुक उर्फ वाघ्या’ असं लिहिलं की उर्फच्या अलीकडे घर असतं आणि पलीकडे रस्ता. अलीकडचं नाव आईबापांनी कौतुकानं ठेवलेलं, पलीकडचं नाव भीतीनं, चेष्टेनं किंवा दरारा बसावा म्हणून आलेलं.

गुन्हेगारी कथेचं सगळं बळ या उर्फमध्ये आहे, असं मला वाटतं. माणूस गुन्ह्यात शिरतो तेव्हा तो अलीकडून पलीकडे जातो, आणि घरचे त्याला पुन्हा अलीकडे ओढत राहतात. ही ओढाताण नसेल, तर उरते ती नुसती मारामारी.

मग पलीकडं प्राणीच का उभा असतो?

एसटी स्टँडवर लांबून बस येताना दिसली की आपण आधी पाटी वाचतो. ड्रायव्हर कोण, बस नवी का जुनी, हे मागाहून. प्राण्याचं नाव ही पात्राच्या कपाळावरची पाटी असते. रहस्यकथेत पहिल्या वीस-पंचवीस पानांत डझनभर माणसं येतात आणि वाचकाला ती लक्षात ठेवावी लागतात, कारण त्यांतलाच एक जण दोषी असतो. ‘कोल्हे’ नावाचा वकील आला की लेखकानं एकही विशेषण न वापरता आपण सावध होतो. ‘रेडा’ म्हटलं की मान, खांदे आणि सावकाश येणारा राग डोळ्यांपुढं येतो.

ही पाटी वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण आपण तिच्यातच वाढलो. पंचतंत्रातली पहिलीच गोष्ट घ्या. पिंगलक नावाचा सिंह आणि संजीवक नावाचा बैल यांची मैत्री, आणि दमनक नावाच्या कोल्ह्यानं ती कट करून मोडली. शेवटी बैलाचा जीव गेला. हेतू, संधी, खोटी साक्ष, सगळं तिथं आहे. ही गुन्हेगारी कथाच आहे, फक्त पात्रांना चार पाय आहेत. पैठणच्या एकनाथांनी भारुडात कामक्रोधाला विंचू केलं. माणसाच्या आतल्या विकाराला दोन चिमटे आणि एक नांगी लावली, आणि चारशे वर्षांहून जास्त काळ ते कुणाला समजावून सांगावं लागलेलं नाही.

अशा नावाला रूपक म्हणतात, म्हणजे एक वस्तू दाखवून दुसरी सुचवणं. हा शब्द इथंच सांगून ठेवतो, पुढं आपण ‘पाटी’च म्हणू.

आणखी एक गंमत आहे. आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात एडगर ॲलन पो यांच्या १८४१ सालच्या कथेपासून धरतात. पॅरिसमध्ये बंद खोलीत मायलेकींचा भयंकर खून होतो. साक्षीदारांनी एक आवाज ऐकलेला असतो, पण प्रत्येकाला तो वेगळ्याच देशाच्या भाषेतला वाटतो. उलगडा असा की मारणारा माणूस नव्हताच, तो ओरांगउटान होता. म्हणजे या साहित्यप्रकारात पहिला ‘आरोपी’ खराखुरा जनावर निघाला. पुढच्या लेखकांनी जनावराला बाहेर ठेवलं आणि त्याचं नाव माणसाला दिलं.

मराठीतही हे आलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या झुंजार, काळापहाड यांनी पिढ्या वाचत्या केल्या. गुरुनाथ नाईकांच्या मालिकांत एक ‘गरुड’ होता. पाटी इथं नायकाला लागली: उंचावरून बघणारा, झडप घालणारा. खलनायकाला सरपटणारे आणि नायकाला उडणारे, हा भेद किती लेखक नकळत पाळतात ते एकदा तपासून बघा.

आपल्याकडं प्राणी म्हणजे घराणंसुद्धा

इथं परदेशी गोष्टींपेक्षा आपलं गणित वेगळं पडतं, आणि मला हाच भाग सगळ्यात जवळचा वाटतो.

वाघमारे, लांडगे, कोल्हे, ससाणे, घोरपडे, साळुंके, मोरे, कावळे, गाढवे, सरडे. शाळेची हजेरी घ्या, अर्धं अरण्य बेंचवर बसलेलं असतं. ही रस्त्यानं दिलेली नावं नाहीत, ती बापाकडून आलेली आहेत. म्हणजे उर्फच्या अलीकडची.

त्याच्याही खोल गेलो तर देवक लागतं. देवक म्हणजे कुळाची खूण. लग्नाच्या आधी ती मांडतात, पुजतात. बऱ्याच घरांत झाडाची डहाळी किंवा पाच पालव्या असतात. पण काही कुळांत मोराचं पीस असतं, काहींत साळुंकीचं. आणि नियम असा, की ज्यांचं देवक एक ते भाऊबहीण, त्यांच्यात सोयरीक होत नाही. विचार करून बघा, दोन अनोळखी घरं, शंभर कोसांवरची, आणि एका पिसानं ती रक्ताची ठरतात. पक्ष्याचं पीस इथं माणसाचा स्वभाव सांगत नाही. तो कुणाचा आहे, ते सांगतं.

खंडोबाचा वाघ्या आठवा. माळेगावच्या यात्रेत तो भेटतो. वाघाच्या कातड्याची भंडाऱ्याची पिशवी बाळगणारा, म्हणून वाघ्या, असं सांगतात. जुन्या काळी आईबाप नवस बोलायचे आणि मूल देवाला वाहायचे. नाव वाघाचं, पण त्यामागं आईबापांनी दिलेला शब्द.

म्हणून परदेशी कथेत प्राण्याचं नाव मिळालेला माणूस घरापासून तुटलेला दिसतो, तिथं आपल्या वाचकाला आपसूक आजींसारखा प्रश्न पडतो: हा कुणाचा? आपण मागासलेले म्हणून तो पडत नाही. आपल्या भाषेनं प्राणी आणि घर यांना एकाच दाव्याला बांधलंय, म्हणून पडतो.

परदेशातही हे ओळखणारा लेखक असतो. १९८८ साली आलेल्या एका प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीची नायिका आहे क्लॅरिस स्टार्लिंग. तपास यंत्रणेत शिकणारी तरुण मुलगी. स्टार्लिंग हा पक्षी आपल्या साळुंकीच्याच कुळातला. थोडक्यात, आपल्याकडची असती तर ती साळुंके झाली असती. तिचा बाप रात्रीचा पहारा करणारा, चोरांच्या गोळीनं मेलेला. आडनाव त्याचंच. त्या बापाला शोभेल असं वागायचं, एवढ्या एका धाग्यावर ती मुलगी नरभक्षक खुन्यासमोर ताठ बसते. पक्ष्याचं नाव आणि बापाशी इमान, दोन्ही एकाच आडनावात मावलंय.

पण गोष्ट शेवटी घरातच का जाते?

कारण रहस्य ठेवायला आधी विश्वास लागतो. परक्या माणसानं लुटलं तर तो दरोडा झाला, वाईट वाटतं, पण गोष्ट तिथंच संपते. घरच्यानं लुटलं तर मागच्या तीस वर्षांतली प्रत्येक दिवाळी पुन्हा तपासावी लागते.

मराठीनं याला एक विलक्षण शब्द दिलाय. भाऊबंद म्हणजे आपले, सुखदुःखाला धावून येणारे. त्यालाच ‘की’ लागली की भाऊबंदकी, म्हणजे भांडण. तेच नातं, तीच माणसं, एका प्रत्ययानं वैर. मराठवाड्यात हे कुणाला उदाहरण देऊन सांगायची गरज नाही. हातभर बांधासाठी सख्खे चुलत एकमेकांच्या दारात जात नाहीत आणि तालुक्याच्या कोर्टात मात्र दर तारखेला शेजारी बसतात.

आता शेरलॉक होम्सची बास्करव्हिलच्या कुत्र्याची कादंबरी बघा. १९०१-०२ साली ती मासिकातून क्रमशः आली. माळावर भयंकर शिकारी कुत्रा, घराण्याला जुना शाप, लोक घाबरलेले. शेवटी कळतं की कुत्रा पाळलेला आहे, आणि पाळणारा माणूस त्याच घराण्यातला, नाव बदलून राहणारा वारस आहे. मधली दोन माणसं गेली की वाडा आणि जमीन त्याची. होम्सला तो सापडतो कसा? भिंतीवरच्या पूर्वजाच्या चित्रावरून. टोपी आणि केस झाकले तर चेहरा तोच. इंग्लंडच्या धुक्यात घडलेली ही शुद्ध भाऊबंदकी आहे. कुत्रा पुढं, सातबारा मागं.

त्यातली त्या माणसाची बायको बघण्यासारखी आहे. नवरा तिला जगापुढं बहीण म्हणून वावरायला लावतो. ती त्याचं ऐकते, आणि त्याच वेळी ज्याचा जीव जाणार त्याला गुपचूप इशाराही देते. तिला दोन्ही बाजू सोडवत नाहीत. मला त्या कादंबरीत कुत्र्यापेक्षा ती बाई जास्त आठवते.

होम्सची आणखी एक कथा १८९२ सालची. रात्री तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो. तबेल्यात राखणीचा कुत्रा आहे, पण तो भुंकला नाही. होम्स म्हणतो, हीच तर खरी गोष्ट आहे. कुत्रा भुंकला नाही, अर्थात येणारा ओळखीचा होता. तो घोड्याला तयार करणारा माणूसच निघतो. आपल्याकडं शेतावर आखाड्यात राहणाऱ्या कुणालाही हे न शिकता कळतं. कुत्रं गप्प राहिलं की चोर घरचा.

रावणाचे दोन भाऊ

‘निष्ठा’ हा शब्द सोपा वाटतो, पण त्याचे दोन अर्थ होतात आणि गुन्हेगारी कथा या दोहोंच्या मधे उभी असते. रावण चुकला हे त्याच्या दोन्ही भावांना कळलं होतं. कुंभकर्णानं तोंडावर सांगितलं आणि तरी भावासाठी लढून मेला. बिभीषण सोडून गेला. पहिल्याला आपण राक्षस म्हणतो, दुसऱ्याला पुण्यवान, आणि तरीही घराघरांत मुलाचं नाव बिभीषण ठेवायला माणूस दहा वेळा विचार करतो. ‘घरचा भेदी’ ही शिवी अजून त्याच्याच नावावर आहे.

आजच्या मालिकेत बिभीषणाला ‘माफीचा साक्षीदार’ म्हणतात. आरोपींपैकी एक जण सगळं खरं सांगायचं कबूल करतो आणि त्या बदल्यात त्याला माफी मिळते. बघणारा हळहळतो, कारण कायद्याच्या बाजूनं तो बरोबर असतो आणि ताटात जेवलेल्या माणसाच्या बाजूनं चूक.

आणि या सगळ्याच्या आधीची, प्रत्येक मराठी आजीला पाठ असलेली गोष्ट म्हणजे वाल्याची. वाटमारी करायचा, प्रत्येक खुनाला रांजणात एक खडा टाकायचा. नारदांनी विचारलं, हे पाप कुणासाठी? घरच्यांसाठी. मग ते पापात वाटेकरी आहेत का, विचारून ये. तो घरी गेला, विचारलं, आणि बायकामुलं म्हणाली, पोसणं तुझं काम, पाप तुझं तू बघ. तिथं तो मोडला. मग बसला तो इतका बसला की अंगावर वारूळ चढलं, आणि वारुळाला संस्कृतात वल्मीक म्हणतात म्हणून बाहेर आला तो वाल्मीकी.

वाळवीनं बांधलेल्या घरानं त्याला नवं नाव दिलं. गुन्हा, घरच्यांची निष्ठा आणि प्राण्यांकडून आलेलं नाव, तिन्ही एकाच गोष्टीत आहेत. आपली गुन्हेगारी कथा बाहेरून आली असं जो म्हणतो त्याला मी ही गोष्ट सांगतो.

नावातच सगळं कळलं, तर रहस्य काय राहिलं?

ही शंका एका शिक्षकांनी काढली आणि ती रास्त आहे. ‘नागराज’ नावाचा माणूस पहिल्या पानावर आला तर खुनी कोण ते विचारायची गरजच काय?

उत्तर असं, की चांगला लेखक पाटी लावतो ती चुकीच्या बसला. किंवा पाटी खरी असते, पण ती कुणाच्या कपाळाची हे झाकलेलं असतं. १९७६ सालचा ‘कालीचरण’ सिनेमा आठवतो? त्यातला सेठ दीनदयाल शहरात मानाचा माणूस, आणि अंधाऱ्या धंद्यात त्याचं नाव लायन. मरताना पोलीस अधिकारी कागदावर ‘NO 17’ असं इंग्रजीत लिहून जातो. सगळे सतरा नंबरचं काहीतरी शोधत बसतात. कागद उलटा धरला की अक्षरं होतात LION, म्हणजे लायन. त्या काळी टुरिंग टॉकीजच्या तंबूत हे बघितलेली माणसं अजून पाटीवर लिहून दाखवतात.

१९७१ सालची एक इंग्रजी कादंबरी तर याच्याही पुढं जाते. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांना मारण्याची सुपारी घेतलेला माणूस स्वतःच स्वतःचं नाव ठेवतो: जॅकल, आपला कोल्हा. फ्रेंच भाषेत त्याचं ‘शकाल’ होतं. पोलीस या अक्षरांवरून एका इंग्रज माणसाच्या नावापर्यंत पोचतात, त्याचं आडनाव आणि नाव त्यात बसतंही. शेवटी कळतं की तो माणूस हा नव्हेच. मारेकरी मेला, बेनाम पुरला गेला, आणि तो कोण, कुणाचा, हे कुणालाच कळलं नाही. इथं उर्फच्या अलीकडची जागा रिकामी आहे. ती रिकामी जागाच त्या पुस्तकातली सगळ्यात थंडगार गोष्ट आहे. आजींच्या प्रश्नाला त्या पुस्तकात उत्तर नाही, आणि लेखकानं ते मुद्दाम दिलेलं नाही.

पोराला भाकरी दिली, तर आईवर गुन्हा?

गोष्टीत हा प्रसंग हटकून येतो. पोरगं खून करून रात्री मागच्या दारानं येतं. आई काही विचारत नाही, चूल पेटवते. बघताना आपल्याला वाटतं, आईच ती, तिला कोण काय म्हणणार?

कायदा म्हणतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २४९, पूर्वी दंडसंहितेत हेच २१२ होतं. गुन्हेगार आहे हे माहीत असताना, शिक्षेतून वाचवण्यासाठी त्याला आसरा देणं हा गुन्हा आहे. आसऱ्यात निवारा आला, अन्न आलं, पैसे, कपडे, वाहन आलं. पण त्याच कलमाला एक अपवाद जोडलेला आहे: आसरा देणारी व्यक्ती नवरा किंवा बायको असेल तर हे कलम लागू नाही. आई, बाप, भाऊ, बहीण, लेक यांना ही सूट नाही.

साक्षीचंही असंच. लग्न टिकून असताना नवऱ्यानं बायकोला किंवा बायकोनं नवऱ्याला जे सांगितलं, ते उघड करण्याची सक्ती कोर्ट करत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२८, जुन्या १८७२ च्या कायद्यात १२२. एकमेकांविरुद्धच्याच गुन्ह्याचा खटला असेल तर गोष्ट वेगळी. नवे दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झाले, हा भाग मात्र बराचसा तसाच राहिला.

आपल्या आजोबांच्या पिढीत ‘आमचं कुटुंब’ म्हटलं की अर्थ व्हायचा बायको. कायद्याचं कुटुंब अजून तेवढंच आहे. गोष्टींचं कुटुंब मात्र मोठं: त्यात आई आहे, धाकटा भाऊ आहे, मामा आहे. दोन्हींच्या मापात जेवढा फरक, तेवढी जागा कथालेखकाला मिळते. नवऱ्याला लपवणाऱ्या बायकोपेक्षा पोराला लपवणारी आई गोष्टीत जास्त भिडते, यामागं हेही एक कारण आहे. बायकोपाशी कायद्याची ढाल असते, आईपाशी काहीच नसतं.

अशा गोष्टींनी गुन्ह्याचं कौतुक होतं का? कधी कधी होतं, आणि जिथं होतं तिथं मला ती गोष्ट कच्ची वाटते. मारणाऱ्याच्या घरचं रडणं दाखवायचं आणि मेलेल्याचं घर दाखवायचंच नाही, हे माप खोटं आहे. मेलेल्यालाही घरचं नाव असतं.

यात प्राण्यांवर अन्याय होत नाही का?

होतो, आणि चांगलाच. गोष्टीतला लांडगा एकटा, क्रूर, कुणाचा नसलेला. आपल्या माळरानांवर लांडगा अजून आहे, मेंढपाळांना विचारा. त्याची टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्लं. टोळीचा मारून-मुटकून झालेला ‘म्होरक्या’ असतो ही कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून १९४७ मध्ये मांडली गेली. रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिलेल्या डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्ये ती दुरुस्त केली: म्होरक्या म्हणजे साधा बाप.

कोल्हा तर लबाडीचा राजा मानला जातो. खरा कोल्हा जोडीनं राहतो, आणि कित्येकदा थोरली पिल्लं आईबापांजवळ थांबून धाकट्या भावंडांना वाढवतात. नाग डूख धरतो म्हणतात, पण साप माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घ्यायला येत नाही. डूख आपणच धरतो, नाव त्याचं घेतो.

गंगाखेडच्या जनाबाईनं सातशे वर्षांपूर्वी हे नीट पाहिलं होतं. तिच्या अभंगात घार आकाशात हिंडते आणि झेप घेते पिल्लापाशी. वानरी झाडावर उड्या मारते, पिलू पोटाशी धरून. शिकारी पक्ष्याला आईपणाची खूण करणारी ही बाई आपल्याच मातीतली.

आणि माणसांवर?

इथं मला थांबून बोलायचं आहे, कारण पाटीचा खेळ गोष्टीतून बाहेर आला की जीव घेतो.

१८७६ साली इटलीतले डॉक्टर लोंब्रोसो यांनी एक सिद्धांत मांडला. एका दरोडेखोराच्या कवटीत त्यांना खळगा दिसला, खालच्या प्राण्यांत असतो तसा, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की गुन्हेगार जन्मतःच जनावराच्या जवळचा असतो. विज्ञानानं हे पुढं फेकून दिलं. पण त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारनं इथं कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या होत्या. पोटात असलेल्या पोराचीही पाटी तयार. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. कायदा गेला, नजर लगेच गेली नाही.

लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी १९८७ मध्ये आपलं आत्मकथन लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘उचल्या’, जगानं त्यांच्या जमातीला दिलेलं नाव. पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गुन्हेगारी आणि कुटुंब यांवरची एवढी खरी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही. पोलीस रात्री येतात, घरातल्यांना मारतात, आणि लेकराला कळतं की आपल्या नावाआधी आपली पाटी घरी पोचलेली असते. तिथं भाऊ, आजा, आई एकमेकांना धरून राहतात ते टोळी म्हणून नव्हे. दुसरं कुणी धरायला नसतं म्हणून.

ते पुस्तक वाचल्यावर मी एक गोष्ट बदलली. कथेत एखाद्या जातीच्या, जमातीच्या आडनावाला जोडून कुणी जनावराचं नाव लावलं, तर मी वाचनालयात ते तिथंच थांबवतो आणि विचारतो: हे नाव कुणी ठेवलं? पात्रानं स्वतः, त्याच्या साथीदारांनी, पोलिसांनी, की लेखकानं? पहिल्या तिन्हींना गोष्टीत जागा आहे. चौथं असेल तर लेखकानं त्याचा जाब द्यायला हवा.

वहीतला लांडगा

आजींचा नातू दहावीत आहे. मालिका बघून त्यालाही लिहावंसं वाटलं. दोन रविवारांत त्यानं वहीची चौदा पानं भरली. नायक ‘लांडगा’, जिंतूर रोडवरचा ढाबा, तीन खून, चौथा ठरलेला. लिहिलं होतं छान, वेग होता. त्यानं वाचून दाखवलं आणि आजींनी अर्थातच विचारलं, ह्याचं घरचं नाव काय?

पोरगं चिडलं. मग त्यानं वही मांडीवर घेतली, पेनाचं टोपण चावत बराच वेळ बसलं. समासात त्यानं लिहिलं: ‘आई त्याला बाळू म्हणायची.’ नंतर पुढं काय लिहावं त्याला सुचेना. चौथ्या खुनाला निघालेला माणूस ढाब्याच्या मागं उभा होता आणि फोन वाजत होता. फोन घरून होता. त्यानं उचलावा की नाही, यावर आम्ही सगळे संध्याकाळपर्यंत बोलत बसलो. वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी ते ठरलं नव्हतं.